गटाने गरवायला जाताना ठिकाण कसे निवडावे

कोकणात गळाने मासे पकडण्याला गरवणे म्हणतात, आणि तिथला गरवणारा माणूस जागा विचारण्याआधी तिथी विचारतो. शहरातून निघणाऱ्या गटाचा क्रम नेमका उलटा असतो. आधी समुद्राकाठची राहण्याची जागा ठरते, मग जोडून सुटी कोणती ते पाहिले जाते, आणि त्या दिवशी त्या पाण्यात मासा कधी येणार हा प्रश्न किनाऱ्यावर उभे राहिल्यावर सुचतो. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या धक्क्यावर आम्ही सातजण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पोहोचलो, तेव्हा धक्क्याखाली गुडघाभर चिखल होता आणि त्यात होड्या कुशीवर पडल्या होत्या. गळ टाकण्याजोगे पाणी यायला साडेदहा वाजले. तोवर ऊन चढले होते, दोघे गाडीत जाऊन झोपले होते आणि आणलेली कोळंबी वास मारू लागली होती. जागा वाईट नव्हती, तिथे पुढे आम्ही चांगले मासे पकडले. चुकला होता तो दिवस. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये ठिकाणाचे नाव बरेच उशिरा येते, आणि तो क्रम तसाच पाळावा अशी विनंती आहे.

पहिली पायरी: कोण येणार ते मोजावे

गटात आठजण असले तरी आठही जणांना गळ धरून तीन तास बसायचे नसते. बहुधा तिघाचौघांना खरी हौस असते, दोघे सोबतीला आलेले असतात, आणि उरलेल्यांचे लक्ष रात्रीच्या जेवणाकडे असते. त्यामुळे आरंभीच प्रत्येकाला चार गोष्टी विचाराव्यात: पोहता येते का, होडीत मळमळते का, सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस आहे का, आणि मासे मिळाले नाहीत तरी चालेल का. चौथ्या प्रश्नाचे खरे उत्तर देणारी माणसे कमीच भेटतात, तरी तो विचारावा. होडीत मळमळणारा एकजण जरी असला तरी खोल समुद्राचा बेत सोडावा, कारण त्याच्यासाठी होडी मागे वळवावी लागते आणि उरलेल्यांचा दिवस तिथेच संपतो.

जागेचे मोजमापही याच वेळी करावे. नवख्या माणसाने मागे हात नेऊन गळ फेकायचा तर दोघांत किमान तीन मीटर अंतर हवे. त्यापेक्षा कमी अंतरात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, एकमेकांत गुंततो, आणि गुंतला नाही तर गळ शेजाऱ्याच्या सदऱ्यात अडकतो. या हिशेबाने सहाजणांना बऱ्यापैकी लांब धक्का किंवा मोकळी वाळू लागते. लहान फायबर होडीत एका वेळी चौघांपेक्षा जास्त गळ असू नयेत असे माझे मत आहे, मग होडीवाला कितीही म्हणो.

आणखी एक बाब हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, श्रावण असे न खाण्याचे दिवस प्रत्येकाचे वेगळे असतात. मासेमारीची सहल शनिवारी ठरवून त्यातले निम्मे लोक शनिवार पाळणारे निघाले, तर पकडलेल्या माशांचे काय करायचे हा प्रश्न संध्याकाळी उभा राहतो.

दुसरी पायरी: पाण्याचा प्रकार ठरवावा

महाराष्ट्रात गटासाठी चार प्रकारचे पाणी उपलब्ध आहे: धरणाचे गोडे पाणी, खाडी, समुद्राकाठचे खडप म्हणजे खडकाळ किनारा, आणि होडीने गाठायचा समुद्र.

धरणाच्या पाण्यात भरती-ओहोटी नसते, साहित्य साधे लागते, आणि गांडूळ किंवा कणकेचा गोळा एवढ्या आमिषावर मुलांनाही चिलापी लागते. मात्र धरणालाही वर्षाची म्हणून एक ओहोटी असते. पावसाळा संपताना फुगलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत इतके मागे सरकते की दिवाळीत जिथे बसून गळ टाकला तिथून मे महिन्यात पाण्यापर्यंत जायला चिखलाची लांब पट्टी तुडवावी लागते. धरणाचा काठ अचानक खोल होतो हेही पोहता न येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. काठावरून आत दोन पावले टाकल्यावर तळ नाहीसा होणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

खडपावरून गरवण्यात मोठी मजा आहे आणि तितकाच धोकाही आहे. शेवाळ धरलेला दगड, मागून येणारी लाट आणि भरतीने तुटणारी परतीची वाट ही तिन्ही एकत्र येतात तेव्हा अनुभवी माणूसही घसरतो. नवख्यांच्या गटाला मी खडपाचा सल्ला कधीच देत नाही. दोन-तीनजण असतील आणि त्यांच्यात एकजण त्या गावचा असेल तर गोष्ट वेगळी.

होडीने आत जाण्याचे आकर्षण सर्वांना असते, कारण सुरमईची छायाचित्रे तिथली असतात. परंतु खर्च जास्त, लाटांचा त्रास जास्त, आणि एकाला कंटाळा आला तरी सगळ्यांना सोबत थांबावे लागते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीसाठी तो बेत राखून ठेवावा.

राहिली खाडी. नवख्यांच्या गटासाठी खाडीचे मुख किंवा त्याच्या किंचित आतला भाग हीच सर्वांत उत्तम निवड आहे, आणि हे मी बऱ्याच फसलेल्या सहलींनंतर लिहितो आहे. खाडीत गोडे आणि खारे पाणी मिसळते, कांदळवनाच्या मुळांत लहान मासे आणि कोळंबी वाढते, आणि त्यांच्या मागे मोठे मासे भरतीबरोबर आत येतात. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चोणक, तो मासा याच पाण्यातला. धक्क्याच्या खांबांभोवती व बुडालेल्या दगडांच्या आडोशाला तांबोशी असते. बोय आणि काळुंदर उथळ भागात फिरतात, आणि मुखाजवळच्या वाळूवर मुडदुशी मिळते. काहीच लागले नाही तर शेंगटी तरी लागते, जिच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. गळातून ती सोडवताना हाताने धरू नये, पक्कड वापरावी. वारा सुटला तरी खाडीत बसता येते, गाडी धक्क्यापर्यंत जाते, आणि कंटाळलेला माणूस चहाच्या टपरीवर जाऊन परत येऊ शकतो. गटाच्या सहलीत ही शेवटची सोय फार मोलाची ठरते.

तिसरी पायरी: तिथी पाहून दिवस पक्का करावा

खाडी किंवा समुद्र निवडला असेल तर आता दिनदर्शिका काढावी. भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी आहे की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. ही वेळ दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण होते. हा हिशेब मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्याला चांगला जुळतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याच्या बाजूला भरती मुंबईच्या आधी येते, आणि कुठल्याही खाडीत आत गेल्यावर ती मुखापेक्षा उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहावेच, पण बेत आखताना पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

आता यातून निघणारी गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळी निवड इथे ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. उत्तर कोकणात मुंबईच्या बाजूला हा फरक पाच मीटरच्या घरात जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. उधाणाच्या दिवसांत भरती आपल्या किनाऱ्यावर नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्री येते, आणि सकाळ-संध्याकाळ, म्हणजे शहरी माणूस ज्या वेळी गळ टाकायला जातो त्या दोन्ही वेळी, सुकती असते. आमचा चिखल तोच होता. उलट अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते, ओढ मंद असते, आणि भरती सकाळी व संध्याकाळी पूर्ण होते.

जुने गरवणारे उधाणाच्या पाण्याला पसंती देतात, कारण पाणी धावते तेव्हा मासाही धावतो. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या ओढीत दोराला वजन म्हणून बांधलेले शिसे तळाला टिकत नाही, आणि नवख्या आठजणांचे आठ दोर दहा मिनिटांत एकाच बाजूला वाहून जाऊन त्यांची एक वेणी होते. म्हणून पहिल्या सहलीसाठी भांगाचे दिवस घ्यावेत. संध्याकाळी धक्क्यावर बसायचे असेल तर षष्ठी ते अष्टमी, कारण भरती साडेचार ते सहाच्या दरम्यान पूर्ण होते. सकाळी होडी करायची असेल तर नवमी ते एकादशी, कारण भरती पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान असते. मासा सर्वांत जास्त लागतो तो भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकती सुरू झाल्यावरचा पहिला तास, आणि हा तीन तासांचा काळ उजेडात व सावलीत मिळावा एवढाच या हिशेबाचा हेतू आहे. एकादशीचा अडसर वर सांगितला आहेच.

चौथी पायरी: ऋतू आणि वारा

जून ते सप्टेंबर हे महिने सरळ वगळावेत. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, तरी सप्टेंबरभर नद्यांचे गढूळ पाणी खाडीत येत राहते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पाणी निवळू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गटासाठी सर्वांत सुखाचा काळ होय. मार्चनंतरही मासे मिळतात, पण सकाळी नऊनंतर धक्क्याचा दगड तापतो आणि मुले किरकिर करू लागतात.

हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असते. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. होडीचा बेत म्हणून पहाटेचाच असावा आणि अकराच्या आत किनारा गाठावा. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर होडीवाल्याशी वाद घालू नये. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी वीज कडाडते. गळाच्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते, त्यामुळे गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली ठेवून गाडीत जाऊन बसावे.

पाचवी पायरी: कुठे गळ टाकू नये

धरणातील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेले असते, आणि आपण हौसेने बसलो तरी त्यांच्या दृष्टीने आपण त्यांचा माल उचलत असतो. संस्थेला विचारून, शुल्क असेल तर भरून मगच बसावे. विचारल्यावर नाही म्हणणारे मला फार थोडे भेटले आहेत, आणि न विचारता बसलेल्यांना उठवणारे पुष्कळ. अभयारण्यातील पाणी मात्र पूर्ण वर्ज्य समजावे: कोयना आणि चांदोलीच्या जलाशयांचा मोठा भाग संरक्षित क्षेत्रात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे गळ टाकणे हा गुन्हा ठरू शकतो. समुद्रातही हीच गोष्ट आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येते. किल्ल्याच्या तटाला होडी लावून गरवण्याची कल्पना सुंदर असली तरी सोडून द्यावी.

काही डोह श्रद्धेने राखलेले आहेत. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यातील वैतरणेकाठचे तिळसे येथे महसीर माशांना लोक खाऊ घालतात, पकडत नाहीत. कायद्याने इतके दिवस जे साधले नसते ते तिथे साधले आहे, तेव्हा काठ्या गाडीतच ठेवाव्यात.

मगरींबद्दल विचारायला कोणी धजत नाही, पण विचारावे. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत, महाडजवळ सावित्रीत आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत. अशा ठिकाणी पाण्यात उतरून गळ टाकू नये आणि मासे धुण्यासाठी काठावर वाकू नये.

लहान मासा सोडून देण्याची तयारी ठेवावी. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे, आणि होडीवाल्याला त्याची साधारण माहिती असते.

सहावी पायरी: आता नावे समोर मांडावीत

पुण्याहून निघणाऱ्या आठजणांच्या गटापुढे तीन नावे आहेत असे समजू: भिगवण, दापोलीजवळचे हर्णै-आंजर्ले आणि मालवणजवळचे देवबाग.

भिगवण उजनीच्या फुगवट्यावर आहे, पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर, आणि एका दिवसात जाऊन येता येते. लहान मुले असतील, मुक्काम नको असेल, तर निवड इथेच संपते. चिलापी भरपूर आहे, माशांचा बाजार गावातच आहे, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतात, म्हणजे ज्यांना गळात रस नाही त्यांचाही वेळ जातो. उणीव अशी की भीमेतून शहरांचे सांडपाणी इथवर येते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते. पावसाळ्यानंतर, पाणी भरलेले असतानाच जावे. शिवाय इथे तिथी पाहावी लागत नाही, सुटी मिळेल तो दिवस चालतो.

हर्णै-आंजर्ल्याला ताम्हिणीमार्गे पाच-सहा तास लागतात, म्हणून दोन रात्री हव्यात. आंजर्ल्याला जोग नदीची खाडी आहे, जवळ वाळूचा किनारा आहे, आणि हर्णै बंदरावर माशांचा लिलाव होतो, त्यामुळे गळाला काही लागले नाही तरी ताट रिकामे राहत नाही. लिलाव पाहणे हा सोबत आलेल्यांचा कार्यक्रम, आणि ताजे आमिष मिळणे हा गरवणाऱ्यांचा फायदा. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, ही बाब शेंगटीच्या काट्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला महत्त्वाची वाटते. एक पथ्य आहे: आंजर्ल्याच्या वाळूवर हिवाळ्यात कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री त्या किनाऱ्यावर विजेऱ्या आणि गळ घेऊन फिरू नये, खाडीकडेच बसावे.

देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते. पाणी स्वच्छ, भरती-ओहोटीचा फरक कमी, चिखल कमी, आणि मासे विविध. निव्वळ मासेमारीच्या दृष्टीने तिघांत हे ठिकाण सर्वांत सरस आहे. पण पुण्याहून आठ-नऊ तासांचा प्रवास आहे, आणि दिवाळी-नाताळच्या सुटीत संगमावर पर्यटकांच्या होड्यांची इतकी वर्दळ असते की दिवसा गळ टाकण्यात अर्थ उरत नाही. चार दिवस मोकळे असतील आणि सुटीचा हंगाम टाळता येत असेल तरच तिकडे वळावे. तिथून पुढे गोव्यात जुवारी किंवा बेतूलजवळची साळ नदी हे बेत अनुभवी गटासाठी आहेत.

मुंबईकरांनी हाच विचार रेवदंड्यापासून सुरू करावा. कुंडलिकेची खाडी, अलिबागजवळ, सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचण्यासारखी; मात्र उत्तरेकडे असल्यामुळे चढउतार मोठी आहे आणि तिथीचा हिशेब तिथे चुकवून चालत नाही.

दोन ठिकाणे सारखी वाटली तर जवळचे घ्यावे. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस भरतीच्या वेळी झोपलेला असतो.

सातवी पायरी: गावातल्या माणसाशी बोलावे

ठिकाण ठरले की राहण्याची जागा आरक्षित करण्याआधी तिथल्या एखाद्या तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, किंवा घरगुती खाणावळीच्या मालकाशी बोलावे, आणि प्रश्न नेमके विचारावेत. «मासे मिळतात का» असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थी येते. त्याऐवजी, या पंधरवड्यात गळाला काय लागते आहे, नवमीला सकाळी तुमच्या धक्क्याला पाणी किती असते, सुकतीला होडी बाहेर निघते का, आमिष तिथे मिळेल की आणावे लागेल, आणि पकडलेले मासे करून देणार का, असे विचारावे. जो माणूस «त्या दिवशी येऊ नका, पुढच्या आठवड्यात या» असे सांगतो, त्याचा क्रमांक जपून ठेवावा.

होडी ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रवासी नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो, आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट होडीत असले पाहिजे, किनाऱ्यावरच्या खोलीत नव्हे. मासेमारीची होडी स्वस्त पडते म्हणून तिच्यात आठजणांनी चढू नये. प्रत्येकाने आधार कार्ड जवळ ठेवावे, सागरी पोलीस विचारतात. भाडे तासावर की फेरीवर, इंधन कोणाचे, आणि वाऱ्यामुळे निघता आले नाही तर आगाऊ रकमेचे काय, हे आधीच बोलून घ्यावे.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्याच माणसाला पुन्हा फोन करावा. वारा असेल तर त्याला खाडीच्या आतली पर्यायी जागा विचारून ठेवावी, आणि ती गटातल्या सर्वांना आधीच कळवावी; धक्क्यावर पोहोचल्यावर आठजणांत मतदान सुरू झाले की भरतीचा एक तास तिथेच जातो. कोळंबी बर्फात ठेवावी, शिसे दुप्पट घ्यावे, आणि भरती पूर्ण होण्याच्या किमान तीन तास आधी धक्क्यावर हजर राहावे, कारण नवख्या गटाला तंगूस ओवून गळ बांधायलाच एक तास लागतो.